आज्ञावलीची नोंदवही

पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरी बांधलेला ओंडका समुद्रात सोडीत. या ओंडक्याला इंग्रजीत 'लॉग' म्हणत; वेग ज्या वहीत उतरवीत, तिलाही पुढे तेच नाव पडले. संगणकाची आज्ञावली चालू असता तिच्यात काय घडले, केव्हा घडले आणि कोठे अडले, हे सांगणाऱ्या नोंदींना लॉग म्हणतात ते यावरूनच.

नोंद करणे हे काम वरवर पाहता क्षुल्लक. पडद्यावर एक ओळ छापली की झाले, असे नवशिक्याला वाटते. परंतु कोणती नोंद धोक्याची व कोणती केवळ माहितीपुरती, ती कोठे साठवायची, फाइल फुगल्यावर नवी केव्हा उघडायची, असे प्रश्न लवकरच उभे राहतात. ते सोडविणारी तयार यंत्रणा, म्हणजे लॉगिंग फ्रेमवर्क, घ्यावी लागते. ती कोणती घ्यावी, याविषयी जावा या भाषेचा अनुभव बोधप्रद आहे.

जावामध्ये प्रथम 'लॉगफोरजे' ही यंत्रणा लोकप्रिय झाली. 2002 साली जावाने स्वतःची यंत्रणाही दिली. परिणाम असा झाला की, मुख्य आज्ञावली एका यंत्रणेत नोंदी करी, तर तिने उसने घेतलेले सुटे भाग दुसरीत. एकाच पेढीवर तीन कारकुनांनी तीन वह्या लिहाव्यात, तसा हा प्रकार! यावर लॉगफोरजेचेच मूळ कर्ते जेकी ग्युल्जू यांनी 'एसएलएफफोरजे' हा तोडगा काढला. त्याच्या आधारे आज्ञावली 'ही नोंद कर' एवढेच सांगते. प्रत्यक्ष लिहिणारी यंत्रणा मागे कोणतीही जोडता येते, आणि पुढे बदलताही येते.

या विभागणीचे मोल डिसेंबर 2021 मध्ये कळून आले. लॉगफोरजेच्या दुसऱ्या पिढीत 2013 पासून एक सोय होती. मजकुरात विशिष्ट खूण आढळली, तर यंत्रणा तो नुसता लिहून न घेता आज्ञा समजून पाळी, आणि प्रसंगी दूरच्या संगणकाकडून हवे ते मागवी. आता, नोंदीत येणारा मजकूर पुष्कळदा परक्याचाच असतो. नाव विचारणाऱ्या रकान्यात कोणी ती खूण लिहिली आणि ते नाव नोंदवले गेले, की त्या परक्याची आज्ञावली आपल्या संगणकावर चालू शकत असे. दोषाच्या तीव्रतेला दहापैकी दहा गुण मिळाले; त्या एका महिन्यात दुरुस्तीच्या चार आवृत्त्या काढाव्या लागल्या. ज्यांनी लेखनयंत्रणा वेगळी ठेवली होती, त्यांना मूळ आज्ञावलीला हात न लावता ती बदलणे शक्य होते. पुष्कळांना मात्र ही यंत्रणा आपल्या सुट्या भागांत दडलेली आहे, हेच ठाऊक नव्हते.

यंत्रणांची तुलना करताना एका सेकंदात किती नोंदी होतात याचे तक्ते पुढे केले जातात. त्यांना अवाजवी महत्त्व मिळते, असे वाटते. आधी पाहावे ते हे की, यंत्रणा लिहिण्याखेरीज आणखी काय काय करते, आणि तिची देखभाल आज कोण करीत आहे. लॉगफोरजेच्या पहिल्या पिढीची देखभाल 2015 सालीच थांबली. ती वापरणारे 2021 च्या संकटातून बहुतांशी सुटले खरे, पण तिच्यातील इतर दोष काढणारे तेथे कोणी उरले नव्हते. लहानशा, एकट्याने चालणाऱ्या आज्ञावलीला जावाची स्वतःची यंत्रणाही पुरते.