कडेला उभी असलेली माणसं

लग्नातला ग्रुप फोटो दुरुस्तीला आला की मी आधी त्याचे कोपरे बघतो. नवरानवरी बहुधा ठीक असतात. हाल होतात ते कडेच्यांचे. मागे एका कुटुंबाने अशीच एक जेपीईजी आणली. डाव्या टोकाला खुर्चीत बसलेल्या आजींचा चेहरा त्यांना मोठा करून हवा होता, कारण आजी गेल्यावर त्यांचा तेवढाच फोटो उरला होता. व्हिनेटने, म्हणजे मुद्दाम गडद केलेल्या कडांनी, तो चेहरा जवळजवळ काळा झालेला, आणि मूळ रॉ फाइल स्टुडिओने केव्हाच पुसलेली. मी उजेड वाढवत गेलो तसे गालावर ठिपके आणि पट्टे उमटत गेले. जेपीईजीत प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या असतात. कडा गडद केल्या की तिथला सगळा तपशील खालच्या मोजक्या पायऱ्यांत दाटतो, आणि तिथे पुसला गेलेला फरक सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. आजींचे डोळे मला सापडले नाहीत.

म्हणून कळकळीने सांगतो, व्हिनेट मूळ फोटोत मुरवू नका. फोटोशॉप असो की गिम्प, वेगळ्या लेयरवर करा आणि ओपॅसिटी कमी ठेवा. लाइटरूम मूळ फाइलला हात लावत नाही. तरी आकार ठरवताना 'फेदर' शून्यावर न्या. मग काळी कड कोणाच्या कपाळावरून जाते ते स्पष्ट दिसतं. 'मिडपॉइंट' सरकवून ती बाहेर ढकला आणि फेदर पुन्हा वाढवा. त्याआधी लेन्स करेक्शन लावा, कारण लेन्समुळे कोपरे बऱ्याचदा आधीच अंधारलेले असतात. 'पेंट ओव्हरले' ही व्हिनेटची शैली मी टाळतो. तिच्यात पैठणीची जर राखाडी पडते. 'हायलाइट प्रायॉरिटी' बरी.

ग्रुप फोटोला तर व्हिनेट देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. ही युक्ती नजर एका जागी नेण्यासाठी असते, आणि ग्रुपमधला प्रत्येक चेहरा कोणीतरी शोधणार असतो. एकटी नवरी चौकटीत एका बाजूला असेल तरी व्हिनेटऐवजी रेडियल मास्क घ्या. तो तिच्या चेहऱ्याभोवती ठेवता येतो, व्हिनेट चौकटीच्या मध्याला बांधलेलं असतं.

अल्बम करणाऱ्याला फोटो व्हिनेट काढूनच पाठवा. तो पानाच्या मापाने कापतो आणि व्हिनेट असेल तर एक कड गडद, दुसरी उजळ राहते. छपाईआधी त्याच कागदावर छोटा नमुना काढा. पडद्यावर हलकी वाटणारी सावली कागदावर बुजून जाते. आणि घरात लग्न असेल, तर ठरवतानाच स्टुडिओकडे एडिट न केलेल्या फाइलीही मागून ठेवा.