एक मेंढी, अनेक कोकरे

आपल्या वडगावच्या परिसरात धनगर बांधव पाळतात ती दख्खनी मेंढी एका वेतास बहुधा एकच कोकरू देते. उत्तम मेंढीची संतती वाढवावी कशी? शास्त्रज्ञ तिला संप्रेरकाची इंजेक्शने देतात. त्यामुळे एकाच माजात अनेक बीजे पक्व होतात. फलनानंतरचे भ्रूण इतर मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवून सुमारे पाच महिने वाढवितात. परंतु संप्रेरकाचा हा प्रभाव त्या माजापुरताच. लेकींस त्याचा वारसा नाही. १९६८ साली स्थापन झालेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने निराळी वाट धरली. बंगालमधील गॅरोल मेंढीचा जुळी देण्याचा आनुवंशिक गुण तिने संकराने दख्खनी मेंढीत आणला. तो पुढील पिढ्यांतही उतरतो. मात्र चारा तोकडा पडला, की आईचे दूध दोघांस पुरत नाही. म्हणून कोकरांची खरी मोजदाद दूध सुटल्यावरच करावी, असे आम्हांस वाटते.