दुखऱ्या पायाआधी दिवा बघ

चि. मुग्धास,


तुझ्या शॅमेलिऑनचा पुढचा उजवा पाय कोपराशी सुजला आहे, फांदी त्याला नीट धरता येत नाही आणि घरी काय उपचार करावेत, असं तू विचारलंस. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची वेळ आजच घे. त्याला थरथर सुटली किंवा तो दिवसा डोळे मिटून बसू लागला, तर वेळेची वाट न बघता तातडीने ने. मात्र डॉक्टरांकडे तो तासभर असेल आणि पुढचे कित्येक महिने तुझ्याकडे, कारण या प्राण्यांचं हाड आपल्यापेक्षा फार सावकाश जुळतं. म्हणून सविस्तर लिहितो. तू पायाकडे बघते आहेस, आणि ते स्वाभाविक आहे. पण माझ्या मते या दुखापतीचं मूळ पायात नसून पिंजऱ्यात असण्याची शक्यता जास्त आहे, आणि शुश्रूषेची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

तू लिहितेस की तो फांदीवरून पडला आणि पाय दुखावला. हा क्रम उलटा असू शकतो. शॅमेलिऑनच्या पुढच्या पायाची तीन बोटं आतल्या बाजूला आणि दोन बाहेर असतात, मागच्या पायाला याच्या उलट. म्हणजे चारही पाय चिमट्यासारखे, आणि वर शेपटीचा विळखा. फांदीवर जगण्यासाठीच घडलेला हा प्राणी पिंजऱ्यातल्या स्थिर फांदीवरून सहसा पडत नाही, आणि शे-दीडशे ग्रॅमचं शरीर दोन-अडीच फुटांवरून मातीवर आलं तर निरोगी हाड मोडायला नको. मग आधी पकड ढिली झाली असेल, हाड आधीच मऊ झालं असेल आणि पडणं हा त्याचा परिणाम असेल, असं समजून चालणं अधिक शहाणपणाचं. पाळीव शॅमेलिऑनमध्ये हाडं मऊ होण्याचा आजार इतका सर्रास आढळतो की डॉक्टर पहिली शंका त्याचीच घेतात. इंग्रजीत त्याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. मुलांच्या मुडदुसाचा हा जवळचा नातेवाईक. जबडा मऊ लागणं, पाय धनुष्यासारखे वाकणं, जीभ भक्ष्यापर्यंत न पोचणं, चालताना अंग फांदीवर घासणं, यांपैकी काही गेल्या दोन-तीन महिन्यांत दिसलं होतं का ते आठवून बघ.

हाड मऊ होतं ते असं. आपण त्याला रातकिडे आणि अळ्या खाऊ घालतो. या किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. सरड्याला मात्र कॅल्शियम जास्त हवं असतं. शिवाय पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते त्याची कातडी सूर्याच्या यूव्हीबी किरणांतून बनवते. यातलं एकही कमी पडलं की रक्तातलं कॅल्शियम घसरतं. हृदय आणि स्नायू चालू ठेवायला ते लागतंच, म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून काढून घेते. बाहेरून प्राणी खातोपितो, रंग बदलतो, आणि आतून त्याचा सांगाडा खर्ची पडत असतो. मादी असेल तर हे आणखी लवकर होतं, कारण तुझ्याकडच्या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते आणि त्या कवचांचं कॅल्शियमही तिच्याच अंगातून जातं. मादी असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांग.

म्हणून दिवा बघ. दिवा लागतो, पिंजरा उजळतो, एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही, आणि ट्यूब नीट पेटत असतानाही सहा महिने ते वर्षभरात ती किरणं ओसरलेली असतात. ट्यूब कधी घेतली ते पावतीवर बघ. आठवत नसेल तर नवीनच आण. खिडकीतून ऊन येतं म्हणून निर्धास्त राहू नकोस, कारण साधी काच जवळजवळ सगळं यूव्हीबी अडवते. पिंजऱ्याची जाळीही त्यातला बराच भाग खाते. आणि एक गोष्ट शुश्रूषेच्या भरात हटकून सुटते: पडू नये म्हणून आपण फांद्या खाली आणतो, ते योग्यच आहे, पण मग तो छतावरच्या दिव्यापासून दूर जातो आणि ज्याची सर्वांत जास्त गरज तेच त्याला मिळेनासं होतं. फांद्या जेवढ्या खाली घेशील तेवढा दिवाही खाली घे, आणि बसायच्या जागेपासून तो किती अंतरावर हवा ते खोक्यावर वाचून मोजपट्टीने मोज. उष्णतेचा दिवा मात्र अंगाला लागेल इतका जवळ नको. कातडी भाजेपर्यंत हे प्राणी बाजूला होत नाहीत.

यावर तू म्हणशील, एवढा खटाटोप कशाला, ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले की झालं. ते मला धोक्याचं वाटतं. तोंडावाटे दिलेलं ड जीवनसत्त्व शरीरात साठतं, आणि जास्त झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांत बसू लागतं. कातडीत बनणाऱ्याचं तसं होत नाही: ऊन जास्त झालं तर त्याचा कच्चा माल कातडीतच निरुपयोगी रूपांत बदलतो. म्हणून थेंबांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. साधी, फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड खाद्यावर भुरभुरवणं आणि रातकिड्यांना आदल्या दिवशी हिरवा पाला खाऊ घालणं, एवढं तू आजपासून कर.

तापमानही दिव्याइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्याला ताप शरीर आतून आणतं. सरड्याला तो उन्हात जाऊन आणावा लागतो. मिशिगन विद्यापीठाचे मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाळवंटी इग्वानांना जंतुसंसर्ग करून त्यांनी वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. गार ठेवलेले बहुतेक मेले, उबेतले बहुतेक जगले. तुझा शॅमेलिऑन वाळवंटातला नाही, तो येमेनच्या आणि नैऋत्य सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला, म्हणून त्या प्रयोगातला आकडा त्याला लावू नकोस. जास्त उष्णतेने तो मरेल. घ्यायचं ते एवढंच की पिंजऱ्यात एक उबदार कोपरा हवा, साधारण 29 ते 31 अंशांचा, बाकी जागा 23 ते 26 अंशांची, आणि दुखऱ्या पायानेही त्याला दोन्हीकडे जाता आलं पाहिजे. आजारी म्हणून त्याला खोक्यात बंद करून ठेवलं तर ही निवडच आपण काढून घेतो, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषधही गार शरीरात नीट काम करत नाही.

पाय काडीला बांधून ठेवू का, असंही तू विचारलंस. बांधू नकोस. मऊ हाड घट्ट पट्टीखाली आणखी वाकतं, रक्तपुरवठा तुटला तर बोटं काळी पडतात, आणि बांधण्यासाठी धरताना दुसरा पाय मोडण्याची भीती असते. आधी क्ष-किरण चित्र बघून हाड किती मऊ आहे ते कळलं पाहिजे. कातडी फाटली असेल तर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून कापसाने हलकेच टिप. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, स्पिरिट नको. हळदही नको; आजी फोनवर आग्रह करेल, पण हळदीच्या पिवळ्या लेपाखाली जखम लाल होते आहे की काळी, हे दिसत नाही.

वेदनेचा प्रश्न मी टाळणार नाही. त्याला दुखतं, आणि तो विव्हळत नाही म्हणून कमी दुखतं असं नाही. तरी घरातली वेदनाशामक गोळी कितीही बारीक तुकडा करून देऊ नकोस. भारतातल्या गिधाडांचं काय झालं ते तू शाळेत शिकली आहेस: गुरांना चालणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती लाखोंनी मेली. कारण 2004 साली सिद्ध झालं, 2006 साली भारताने ते औषध गुरांसाठी बंद केलं. पक्ष्यांप्रमाणे सरडेही शरीरातला नायट्रोजन मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात टाकतात, आणि शरीर कोरडं पडलेलं असताना त्यांचं मूत्रपिंड फार लवकर दुखावतं. वेदना कमी करण्याचं योग्य औषध आहे. ते वजन करून, शरीरातल्या पाण्याची स्थिती बघून द्यायचं असतं, म्हणून ते डॉक्टरांच्याच हातून. वाटीतलं साचलेलं पाणी बहुतेक शॅमेलिऑनना ओळखू येत नाही, तेव्हा पानांवर सकाळ-संध्याकाळ सावकाश फवारा मार आणि त्याला थेंब चाटू दे. विष्ठेसोबतचा पांढरा भाग नारिंगी झाला किंवा डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडतं आहे.

तुला सर्वांत जड जाईल ती गोष्ट आता लिहितो. त्याला हातात घेऊन बसू नकोस. त्याला एकटं वाटत असेल ही तुझी माया मला कळते, पण शॅमेलिऑन एकट्याने राहणारा प्राणी आहे आणि वरून येणारा हात त्याच्या लेखी शिकारी पक्षी असतो. हातात तो शांत बसला तर ते बहुतेक वेळा भीतीने गोठणं असतं. त्याला ओळखायचं ते दुरून, रंगावरून. रंग बदलणाऱ्यावर विश्वास ठेवू नये अशी आपल्याकडे म्हणायची रीत आहे, पण हा रंग खोटं बोलत नाही. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं की पँथर शॅमेलिऑनच्या कातडीतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदलतं आणि त्याने रंग पालटतो. चिडला, घाबरला, शांत झाला, तसं ते अंतर बदलतं. तू जवळ गेल्यावर तो काळवंडत असेल तर मागे हट. उजेडात बसूनही दिवसभर काळपट असेल तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे. वजन मात्र आठवड्यातून एकदा कर, फांदीसकट काट्यावर ठेवून, आणि नंतर साबणाने हात धू, कारण सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. रातकिडे पिंजऱ्यात मोकळे सोडू नकोस. रात्री ते झोपलेल्या प्राण्याची जखम कुरतडतात. वाटीत दे आणि संध्याकाळी उरलेले काढून घे.

इथली भावंडं तू टेक्सासहून पाठवलेले फोटो बघून विचारतात की आपल्याकडच्या शॅमेलिऑनला, घोयऱ्याला, कुठे दिवा लागतो. नाही लागत, त्याला आख्खं ऊन असतं. शिवाय घोयरा सरडा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तो घरी ठेवणं गुन्हा आहे. जखमी सापडला तर महाराष्ट्रात वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं, हे त्यांनाही मी सांगतो आहे. आणि तुला तुझा शॅमेलिऑन सांभाळणं झेपलं नाही तरी त्याला टेक्सासच्या झाडांवर सोडू नकोस. फ्लोरिडात पाळीव शॅमेलिऑन असेच रानात जाऊन वाढले आहेत.

कदाचित डॉक्टर पाय काढावा लागेल म्हणतील. तसं झालं तर घाबरून नकार देऊ नकोस. पालीच्या शेपटीसारखा त्याचा कोणताही अवयव पुन्हा उगवत नाही हे खरं, पण तीन पाय आणि शेपटी यांच्या बळावर शॅमेलिऑन चांगले जगतात, हाडं भक्कम असतील तर. म्हणून जाताना त्याच्यासोबत यूव्हीबी ट्यूबच्या खोक्याचा, कॅल्शियमच्या डबीवरच्या लेबलचा आणि पूर्ण पिंजऱ्याचा फोटो ने, दिव्यापासून फांदीचं अंतर लिहून ने, ताजी विष्ठा डबीत ने, आणि पाय दाखवण्याआधी हे सगळं त्यांच्यासमोर ठेव.

तुझा,
मामा