तिकिटाचा खरा रंग

माझ्या मामूंजवळ जुन्या टपाल तिकिटांची एक जाड वही होती. मी सातवीत असताना त्यांनी ती मला पाहायला दिली. तीत इंग्लंडचे एक पेनीचे जांभळे तिकीट होते. ते मळलेले वाटले, म्हणून मी ते वाटीभर पाण्यात टाकले. थोड्या वेळाने पाहतो तो काय, पाण्याला जांभळी झाक आली होती आणि तिकीट पांढुरके पडले होते!

मामू रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "अरे, ही शाई मुद्दामच कच्ची केलेली आहे. पूर्वी काही लोक तिकिटावरचा शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरत. म्हणून १८८१ साली निघालेल्या या तिकिटाला पाण्याने उतरणारी शाई वापरली. तिकिटाने आपले काम चोख केले!"

त्या दिवसापासून ते मला रंग ओळखायला शिकवू लागले. पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतो. म्हणून आम्ही दिवसा, उत्तरेकडच्या खिडकीशी बसत असू. मामूंनी एका करड्या कागदाला दोन लहान भोके पाडली होती. एका भोकाखाली ओळखीचे तिकीट, दुसऱ्याखाली अनोळखी. आजूबाजूचे रंग झाकले गेले, की दोन छटांमधला फरक चटकन कळतो. तरीही घाई करायची नाही. नारिंगी तिकीट हवेतल्या गंधकाने काळपट तपकिरी होते आणि नवखा माणूस त्याला दुर्मीळ छटा समजतो!

छटांना नावे देताना मला मजा वाटे. गुलाबी, आसमानी, बदामी, पिस्तई, किरमिजी हे मराठीतले शब्द तर आपल्या घरचेच!

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो हैदराबाद संस्थानच्या अर्ध्या आण्याच्या तिकिटांवर. १८७१ पासून ही तिकिटे अनेक वर्षे छापली जात होती. त्यांवर फार्सी लिपीबरोबर मराठी, तेलुगू आणि इंग्रजीही आहे. दर वेळी शाई थोडी वेगळी पडे. त्यामुळे एकच तिकीट कुठे नारिंगी-तपकिरी, कुठे विटकरी दिसते. कधी कधी तर शाईच संपते. १८५४ साली कलकत्त्यात अर्ध्या आण्याचे तिकीट आधी शेंदरी रंगात छापले होते. विलायतेहून आलेली शाई संपली आणि लोकांच्या हाती पडले ते निळे तिकीट.

माझे धुतलेले तिकीट मामूंनी फेकले नाही. वहीत त्याच जागी पुन्हा लावले आणि खाली पेन्सिलीने लिहिले, 'धुतलेले'.

स्वाध्याय
१. जांभळ्या तिकिटाची शाई कच्ची का ठेवली होती?
२. करड्या कागदाला दोन भोके का पाडली?
३. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेली रंगांची आणखी तीन नावे लिहा.