घटक ४ : प्रवासवर्णनातील स्थलनामे – लामानाईचे उदाहरण

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• स्थलनाम हा इतिहासाचा भाषिक पुरावा कसा ठरतो, हे स्पष्ट करता येईल.
• परकीय नामे मराठीत आणताना उद्भवणाऱ्या अडचणी ओळखता येतील.

४.२ प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णनकार पाहिलेले सांगतो. परंतु सांगताना त्याला प्रथम नाव घ्यावे लागते. ते नाव कोणी दिले, कोणत्या भाषेतून दिले आणि मराठीत येताना त्याचा अर्थ टिकतो का, हे तीन प्रश्न न विचारल्यास अचूक पाहिलेलेही चुकीचे लिहिले जाते. मध्य अमेरिकेतील बेलीझ या देशातील एका दिवसाच्या सहलीच्या आधारे आपण हे प्रश्न तपासू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ स्थळ
ऑरेंज वॉक या गावातून सकाळी होडीने निघालेला प्रवासी न्यू रिव्हर नदीतून दक्षिणेकडे जातो. नदी रुंदावत एका विस्तीर्ण जलाशयाला मिळते आणि त्याच्या पश्चिम काठावरील अरण्यात माया संस्कृतीचे लामानाई हे नगर दिसते. येथील सर्वांत उंच मंदिर सुमारे ३३ मीटरचे आहे. दुसऱ्या एका मंदिराच्या दर्शनी भागावर प्रचंड मानवी मुखवटा असून त्याचे शिरोभूषण मगरीचे आहे. इ. स. ९०० च्या सुमारास दक्षिणेकडील अनेक माया नगरे ओस पडली; लामानाईतील वस्ती मात्र स्पॅनिश लोक येईपर्यंत टिकून राहिली.

४.३.२ नाव
माया नगरांची आज रूढ असलेली बरीचशी नावे मूळ रहिवाशांची नाहीत. 'शुनान्तुनिच' (शिळा-स्त्री) किंवा 'आल्तुन हा' ही नावे नगरे ओस पडल्यावर पुष्कळ काळाने दिलेली आहेत. 'लामानाई' हे नाव मात्र स्पॅनिश धर्मोपदेशकांनी रहिवाशांच्या तोंडून ऐकून नोंदवले. 'लामाअन-आयिन', म्हणजे 'पाण्यात बुडालेली मगर', असे त्याचे मूळ रूप मानले जाते. परक्या कानाने ऐकताना शेवटचा 'न' गळाला आणि त्याबरोबर 'आयिन' (मगर) हा शब्दही ओळखू येईनासा झाला. परंतु मंदिरावरील मगरीचे शिरोभूषण आणि जलाशयात आजही आढळणाऱ्या मगरी या अर्थाला पुष्टी देतात. येथे भाषा, शिल्प आणि निसर्ग हे तिन्ही पुरावे एकमेकांना आधार देतात, हे लक्षात घ्या.

४.३.३ मराठीकरण
या जलाशयाचे नाव 'न्यू रिव्हर लगून' असे आहे. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत 'लगून'साठी 'खाजण' हा शब्द येतो. तथापि खाजण म्हटले की मराठी वाचकाच्या मनात समुद्राचे खारे पाणी उभे राहते. हा जलाशय समुद्रापासून दूर आणि गोड्या पाण्याचा आहे. म्हणून येथे 'सरोवर' हा शब्द अधिक योग्य ठरतो.

अवशेषांलगतच्या खेड्याचे नाव 'इंडियन चर्च' आहे. स्पॅनिशांनी मायांसाठी बांधलेल्या चर्चचे अवशेष तेथे आहेत. याचे भाषांतर 'भारतीय चर्च' असे केल्यास दुहेरी अन्याय होतो. कोलंबसाच्या समजुतीतून मूळ रहिवाशांना चिकटलेले नाव आपण पुन्हा पक्के करतो, आणि ब्रिटिश काळात मजूर म्हणून बेलीझमध्ये नेलेल्या खऱ्या भारतीयांची ओळखही पुसतो. त्यांच्या वंशजांना तेथे 'ईस्ट इंडियन' म्हणतात. म्हणून विशेषनाम तसेच ठेवावे आणि अर्थ वाक्यात उलगडावा. त्याचप्रमाणे मायांना 'लुप्त' म्हणू नये; माया भाषा बोलणारे लोक आजही बेलीझमध्ये राहतात.

४.४ सारांश
स्थलनाम म्हणजे केवळ खूणचिठ्ठी नव्हे. त्यात नाव देणाऱ्याची भाषा, ऐकणाऱ्याचा कान आणि सत्तेचा इतिहास साठलेला असतो. तो वाचता येणे ही प्रवासवर्णनकाराची भाषिक जबाबदारी आहे.

४.५ स्वाध्याय
१. 'लामानाई' या नावाच्या अर्थाला कोणते पुरावे पुष्टी देतात?
२. 'इंडियन चर्च'चे शब्दशः भाषांतर का टाळावे?
३. पोर्तुगीज व इंग्रज अमदानीत 'वसई'चे 'बसाईं' व 'बेसीन' झाले. तुमच्या परिसरातील असे एक नाव निवडा, गावातील वडीलधाऱ्यांकडून त्याचे जुने उच्चार विचारून घ्या आणि दहा ओळींत टिपण लिहा.