पाकिटावरचं स्टिकर

सकाळी सव्वासहाला आम्ही सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरलो आणि पावणेनऊपर्यंत बाहेरच्या खुर्च्यांवर बसून होतो. ते अडीच तास अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. दोन माणसं, दोन फोन आणि एकालाही नेटवर्क नाही. जावई न्यायला यायचे होते, ते दिसेनात. ह्यांना शुगर आहे, विमानात त्यांनी नीट खाल्लं नव्हतं. पर्समध्ये दोन दशम्या उरल्या होत्या, त्या त्यांना दिल्या. लेकीचा तिकडचा नंबर मला पाठ नाही, ह्यांनाही नाही. तो फोनमध्ये होता आणि फोनची बॅटरी अकरा टक्क्यांवर आली होती.

हे झालं ते टी. नगरातल्या एका दुकानदारामुळं. दुकानाचं नाव मी लिहीत नाही. पाँडी बाजारच्या मागच्या बाजूला, सव्वीस वर्षं मी ज्या रस्त्यानं भाजीला जाते त्याच रस्त्यावर ते आहे. बाहेर दोरीला मोबाइलची कव्हरं, इअरफोन आणि परदेशी सिमकार्डांची रंगीत पाकिटं लटकवलेली असतात.

दिवाळी झाली की उस्मान रोडवरची दागिन्यांची गर्दी ओसरते आणि आमच्या सोन्याच्या भट्टीचं कामही हलकं होतं. म्हणून तेव्हाच जायचं ठरवलं होतं. लेकीला दुसरं बाळ झालेलं, पंधरा दिवस राहून यायचं. तिकिटं, व्हिसा, पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं अरायव्हल कार्ड हे सगळं लेकीनं तिकडून केलं. आमच्याकडं फक्त फोनचं काम होतं.

त्या दुकानात आम्ही दोन वस्तू घेतल्या. पंधरा दिवसांचं 'इंटरनॅशनल सिम' बावीसशे रुपयांना, आणि सगळ्या देशांत चालतो म्हणून सांगितलेला ॲडॅप्टर साडेचारशेला. बिल मागितलं तर म्हणाला, बिलावर घेतलं तर टॅक्स लागेल, अक्का, कशाला? आम्हीही पुढं बोललो नाही. मग त्यानं ह्यांचा फोन मागून घेतला, पिन घालून ट्रे बाहेर काढला, आमचं इथलं सिम काढून कागदाच्या पुडीत गुंडाळलं आणि त्या जागी नवं बसवलं. दुसऱ्या खणात ह्यांचं मेमरी कार्ड होतं, तिथं जागा नव्हती. मी विचारलं, आत्ता चालू करून दाखवता येईल का? 'अंग पोना ऑटोमॅटिक्का वर्क आगुम, अक्का.' तिथं गेलं की आपोआप चालतं. पुडी मी घरी आणली आणि कपाटात किल्ल्यांच्या डब्यात ठेवली, हरवू नये म्हणून.

आमचा सगळा व्यवहार त्या पुडीतल्या नंबरावर चालतो, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

चांगीला फोन चालू केला तर 'नो सर्व्हिस'. बंद करून पुन्हा चालू केला. ट्रे काढायला पिन नव्हती, मंगळसूत्राच्या सेफ्टी पिननं काढला, कार्ड पुसून बसवलं. काही नाही. विमानतळाचं फुकट वायफाय दिसत होतं, पण ते लावायला नंबर मागत होतं आणि त्या नंबरावर ओटीपी पाठवणार होतं. माझा फोन प्रीपेड, त्याला रोमिंग नव्हतं. ह्यांचा नंबर चेन्नईच्या कपाटात. म्हणजे ओटीपी यायला दारच नव्हतं.

शेवटी मी सिमकार्ड विकणाऱ्या एका काउंटरवर गेले. तिथली मुलगी तमिळ होती. तमिळ ही सिंगापूरच्या चार राजभाषांपैकी एक, आणि त्या दिवशी तीच माझ्या कामी आली. मी पाकीट पुढं केलं. तिनं ते उलटं केलं. मागच्या बाजूला दुकानदारानं किमतीचं पांढरं स्टिकर चिकटवलेलं होतं, २२०० लिहिलेलं. तिनं विचारलं, काढू का? आणि अंगठ्याच्या नखानं एक कोपरा खरवडला. स्टिकर सरळ निघेना, कागदाचे बारीक रेषे सुटत गेले. खालून इंग्रजी अक्षरं दिसायला लागली. या तारखेच्या आत कार्ड चालू करावं, असं लिहिलेलं होतं आणि ती तारीख आमच्या निघण्याच्या दोन महिने आधीची होती.

ती मुलगी काही बोलली नाही, तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं. स्टिकर लावायला पाकिटावर एवढी जागा होती, पुढची बाजू सगळी मोकळी होती. ते नेमकं तारखेवर लावलं होतं. माल जुना आहे हे त्याला ठाऊक होतं. दोन म्हातारी माणसं परक्या देशात उतरतील, तिथून परत येऊन भांडणार थोडीच, असा त्याचा हिशोब होता. मला राग पैशांचा नाही, या हिशोबाचा आहे.

त्याच मुलीनं माहितीच्या काउंटरकडं पाठवलं. पासपोर्ट दाखवल्यावर तिथून वायफायचा पासवर्ड मिळाला. सिम नसलं तरी वायफायवर व्हॉट्सॲप चाललं, आणि ह्यांच्या फोनवर एकदम चौदा मेसेज आले. थोरल्या नातवाला रात्री ताप भरला होता, जावई त्याला घेऊन दवाखान्यात गेले होते. लेकीनं लिहिलं होतं: टॅक्सी करा, हा पत्ता ड्रायव्हरला दाखवा. शेवटचे पाच मेसेज फक्त 'आई, कुठं आहात?' एवढेच होते. बाळंतीण पोर घरात एकटी, आणि आम्ही तिच्यापासून अर्ध्या तासावर मुक्यासारखे बसलेलो.

खरा फटका तिसऱ्या दिवशी बसला. ह्यांना एका बुलियनवाल्याचे पैसे त्याच दिवशी पाठवायचे होते. आमच्या धंद्यात सोन्याच्या व्यवहारात शब्द मोडला तर पुढच्या वेळी माल मिळत नाही. नेट बँकिंग उघडलं, रक्कम टाकली, आणि बँकेनं ओटीपी पाठवला टी. नगरच्या किल्ल्यांच्या डब्यात. यूपीआयही बंद. ते ज्या सिमवर नोंदवलेलं असतं तेच फोनमध्ये नसेल तर ॲप पुढं जात नाही. मग भट्टीवरच्या आमच्या गावाकडच्या पोराला फोन केला, शेजारणीकडून किल्ली घ्यायला लावली, पुडी काढून सिम त्याच्या फोनमध्ये घालायला लावलं. त्यानं ओटीपी वाचला आणि इकडं ह्यांनी तो घातला. पोरगा घरच्यासारखा आहे म्हणून निभावलं. पण ओटीपी कुणाला कळू द्यायचा नसतो हे सगळ्या बँका सांगतात, आणि आम्ही तो व्हॉट्सॲपवर ओरडून वाचून घेतला. त्या रात्री हे झोपले नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट. इथला नंबर फोनमधून काढायचा नाही. कुणी दुकानदार ट्रे बाहेर काढायला लागला तर त्याचा हात धरा. ट्रेमध्ये दोन सिमची जागा असेल आणि एकीत मेमरी कार्ड असेल तर मेमरी कार्ड घरी ठेवा, फोटो नंतरही उतरवता येतात. निघायच्या आठवडाभर आधी आपल्या कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. साधारणपणे परदेशात आलेल्या एसएमएसचे पैसे पडत नाहीत, पण रोमिंग चालू नसेल तर एसएमएस पोचतच नाही. प्रीपेड असेल तर परत येईपर्यंतची वैधता बघूनच रिचार्ज करा. इंटरनेटचं रोमिंग, म्हणजे सेटिंगमधलं 'डेटा रोमिंग', इथल्या नंबरावर बंद ठेवा आणि नव्या सिमवर चालू. एसएमएसचं रोमिंग आणि डेटा रोमिंग हे दोन वेगळे आहेत. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, लेकीनं पुढं बसून शिकवलं.

दुसरं ई-सिमचं. फोनवर *#06# डायल करा. आयएमईआयच्या जोडीला 'ईआयडी' असा लांबलचक आकडा दिसला तर तुमचा फोन ई-सिम घेतो. मग प्लास्टिकच्या कार्डाची गरजच नाही, इथलं सिम जागच्या जागी राहतं. पण ते घरच्या वायफायवर, निघण्याआधी भरून ठेवायचं. ते उतरवायला इंटरनेट लागतं आणि बहुतेकांचा क्यूआर कोड एकदाच चालतो. नको म्हणून पुसलं तर परत मिळत नाही.

प्लास्टिकचंच घ्यायचं असेल तर तिथं उतरल्यावर घ्या. पासपोर्ट दाखवला की मिळतं आणि ते त्यांच्यासमोर चालू करून घेता येतं. परदेशी कंपन्यांची सिमकार्डं आपल्याकडं विकायलाही दूरसंचार विभागाची ना-हरकत लागते, आणि नीट विकणारा तुमच्या पासपोर्ट-व्हिसाची प्रत घेतो. आमच्याकडं त्यानं साधं नाव विचारलं नव्हतं. तिथंच उठून यायला हवं होतं. पाकिटावर कुठंही स्टिकर असलं तर त्याच्यासमोर ते काढा. तो रागावला तर त्यातच उत्तर आलं.

आता त्या ॲडॅप्टरचं. सिंगापूरचं सॉकेट इंग्लंडसारखं, तीन चौकोनी पिनांचं. मलेशियातही तेच. आपल्या चार्जरच्या दोन गोल पिना त्यात बसत नाहीत, म्हणून ॲडॅप्टर. तो घातला तर आमचा चार्जर त्यात डुगडुगत होता. दुसऱ्या रात्री जळका वास आला म्हणून उठले, तर ॲडॅप्टरची बाजू मऊ झालेली आणि आतली पट्टी काळी पडलेली. ह्यांनी बघताक्षणी सांगितलं, पकड ढिली आहे. आमच्या भट्टीच्या जोडणीत स्क्रू ढिला राहिला तरी असंच होतं. धातू धातूला घट्ट टेकला नाही की मध्ये ठिणगी उडते आणि तिथंच उष्णता साठते. तेरा वर्षं मी त्या भट्टीचा हिशोब लिहितेय, आणि माझ्या नातवंडांच्या खोलीत मीच तसली वस्तू लावली. बाळाचा पाळणा तिथून चार हातांवर होता.

घेताना ॲडॅप्टरमध्ये आपलाच चार्जर घालून उलटा धरून बघा. गळून पडला किंवा हलला तर घेऊ नका. आणि मुलांकडं जाणार असाल तर मुळात नकोच. आपली केबल घेऊन जा, चार्जरचा ठोकळा त्यांच्याकडं असतोच. ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. फोनच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळं तो कुठंही चालतो. पण अमेरिकेला जाताना इथला मिक्सर नेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तिकडं १२० व्होल्ट. आपला २३० चा मिक्सर त्यावर धड फिरत नाही, वाटण काय होणार?

पॉवर बँक केबिनच्या पिशवीत ठेवायची, सामानाच्या बॅगेत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून विमानात तिचा वापरच बंद केला आहे, म्हणून चढण्याआधीच फोन पूर्ण भरून घ्या. विमानात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. काही विमानांत त्यांचं स्वतःचं नेटवर्क असतं, फोन त्याला चिकटला तर ते दर आपल्या पॅकमध्ये धरलेले नसतात. सिंगापूरच्या उत्तरेला, जोहोरच्या समोरच्या भागात फोन मलेशियाचं नेटवर्क पकडतो, तेव्हा नेटवर्क हातानं निवडा. आणि फोन बंद पडला तरी नंबर हाताशी हवेत. माझे सासरे विट्याकडून मद्रासला आले तेव्हा बंडीच्या आतल्या खिशात वहीचं पान असायचं, त्यावर चार पत्ते. तसं एक पान आता माझ्या पर्समध्ये आहे. लेकीचा, जावयांचा, बँकेचा आणि आपल्या वकिलातीचा नंबर.

परत आल्यावर मी पाकीट आणि तो जळका ॲडॅप्टर घेऊन दुकानात गेले. आधी त्यानं मला ओळखलंच नाही. मग म्हणाला, पाकीट तुम्ही फोडलंत. मी म्हटलं, तूच फोडलंस, तुझ्या हातानं ट्रे काढलास. मग, 'कंपनी प्रॉब्लेम, मा.' मी खरवडलेलं स्टिकर त्याच्या नाकासमोर धरलं. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, 'बिल इरुक्का?' बिल आहे का? ज्यानं बिल घेऊ दिलं नाही तोच बिल मागत होता, आणि मागून दुसरं गिऱ्हाईक आलं तसा त्यानं माझ्याकडं पाठ केली.

ग्राहकांच्या १९१५ नंबरवर फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न बिलाचाच विचारला. पैसे ज्या यूपीआयनं दिले त्याची नोंद आहे, ती पाठवली आहे. टॅक्सचे चार पैसे वाचवायला बिल सोडू नका, एवढं मी आता भट्टीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

गेल्या शुक्रवारी फुलं आणायला त्याच रस्त्यानं गेले. दोरीला नवी पाकिटं होती. एक तरुण जोडपं उभं होतं, मुलीच्या हातात पाकीट होतं आणि दुकानदार म्हणत होता, अंग पोना ऑटोमॅटिक्का वर्क आगुम. मी पायरी चढून गेले, मुलीच्या हातातलं पाकीट उलटं केलं आणि तिला म्हटलं, हे स्टिकर त्यांना काढून द्यायला सांग. दुकानदार काउंटरच्या मागून बाहेर आला. मुलीनं एकदा त्याच्याकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि नखानं कोपरा उचलायला लागली.