वैशाखात बॅटरीला सावली द्या

रब्बीची ज्वारी निघाली, कडब्याच्या गंजी लागल्या, की सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात काळविटांना अडवायला कुंपणावर लावलेलं सौर झटका मशीन उतरवलं जातं. मशीन घरात येतं आणि बॅटरी जाते पत्र्याच्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांमागे. तिची आठवण होते थेट मृगाला. तोवर ती बसलेली असते आणि बोल लागतो दुकानदाराला.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरत जाते, उन्हाळ्यात तर अधिकच झपाट्याने. उतरलेली तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि मग कितीही चार्ज केली तरी तो सुटत नाही. त्यामुळे पॅनल आणि कंट्रोलर जोडलेलेच ठेवून बॅटरी सावलीत ठेवणं उत्तम. ते जमत नसेल तर पूर्ण चार्ज करून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा चार्जिंगला लावा.

वस्तीवरच्या दिव्या-पंख्याच्या बॅटरीचा खरा वैरी ऊन. तिचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. पुढे दर १० अंशांना ते ढोबळमानाने निम्मं होतं. सोलापूरचा पारा मे महिन्यात ४२-४३ वर जातो, पत्र्याखाली त्याहून वर. जुनं माळवदाचं घर अजून उभं असेल तर बॅटरीला त्याच्यासारखी जागा नाही. फक्त वारा खेळता हवा, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. जवळ चूल, दिवा, विडी नको. कंट्रोलरमध्ये तापमानाचा सेन्सर असेल तर तोही त्याच खोलीत बसवा. उष्ण बॅटरीला चार्जिंगचं व्होल्टेज थोडं कमी लागतं. कंट्रोलर गारव्यात आणि बॅटरी उन्हात असेल तर ती जास्त चार्ज होऊन पाणी उडतं.

या दिवसांत पाण्याची पातळी दर पंधरा दिवसांनी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं क्षारयुक्त पाणी अजिबात नको. डिस्टिल्ड वॉटरही बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरच घालावं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घालून चार्ज करा.

आता पंख्याचा हिशेब. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर बॅटरीत साधारण १,२०० वॉट-तास असतात, त्यातले निम्मेच वापरावेत. जुना ७५ वॉटचा पंखा आठ तास चालला की ते ६०० संपले, इन्व्हर्टरचा तोटा वेगळाच. ३० वॉटचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात २४० घेतो. मला विचाराल तर मोठ्या बॅटरीआधी पंखा बदला. पहाटे, पॅनलवर ऊन येण्याआधी सगळं बंद करून थोड्या वेळाने मल्टिमीटर लावा: १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. रोज त्याखाली जात असेल तर वापर कमी करा. पॅनलवरची धूळही पहाटेच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

सरकारी योजनेतल्या सौर कृषिपंपाला सहसा बॅटरीच नसते, तेव्हा ही चिंता त्याला नाही. लिथियम बॅटरी घेतली असेल तर कंट्रोलरची सेटिंग बदलून घ्या. आणि ती हंगामाबाहेर ठेवायची झाल्यास रीत उलटी: पूर्ण नव्हे, निम्मी चार्ज करून, गार जागी.